आयईएलटीएस नेमकं काय तपासते? मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी तयारीची वाट

मिरजेची एक परिचारिका आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीसाठी माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या पिशवीत व्याकरणाची तीन जाडजूड पुस्तकं होती आणि तिन्हींत पेन्सिलीच्या खुणा होत्या. रात्रपाळी करून थेट आलेली, डोळे तांबारलेले. "सर, सगळे टेन्स पाठ आहेत, तरी स्पीकिंगला साडेपाचच आले," म्हणाली. मी म्हटलं, "काल रात्री वॉर्डात काय काय झालं ते इंग्रजीत सांग बघू." दोन वाक्यं झाली आणि तिसऱ्याला ती अडली. सांगायला काही नव्हतं म्हणून नव्हे. इथे 'हॅव' लावायचं की 'हॅड', याचा मनातल्या मनात निवाडा चालला होता.

मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेकांची गाडी इथेच रुतते. शाळेने आपल्याला इंग्रजीविषयी शिकवलं. ही परीक्षा मात्र इंग्रजीतून चार कामं करून दाखवायला सांगते: ऐकून टिपणं, वाचून शोधणं, लिहून पटवणं आणि समोरच्याशी बोलणं. प्रत्येक कामाचे गुण वेगळे, ते देण्याचे निकष वेगळे, म्हणून तयारीही वेगळी. निकष गुप्त नाहीत, परीक्षा घेणाऱ्यांनीच ते जाहीर केलेले आहेत. तरीही ते एकदा नीट वाचून मग अभ्यासाला बसलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. म्हणून हा लेख.

आधी तुमच्याकडे काय मागितलंय ते बघा

ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी ही ऑस्ट्रेलियातली शिक्षणसंस्था आणि केंब्रिज विद्यापीठाचा परीक्षा विभाग अशा तिघांच्या मालकीची ही परीक्षा १९८९ पासून या नावाने चालू आहे. तिचे मुख्य प्रकार दोन. उच्च शिक्षणासाठी किंवा डॉक्टर-नर्ससारख्या व्यवसायाच्या नोंदणीसाठी जायचं तर साधारणपणे 'अकॅडमिक', आणि कामासाठी किंवा कायमच्या स्थलांतरासाठी जायचं तर बहुधा 'जनरल ट्रेनिंग'. ऐकणं आणि बोलणं दोन्हीत सारखंच असतं. वाचन आणि लेखन वेगळं असतं. चुकीचा प्रकार भरला तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून विद्यापीठाचं किंवा नोंदणी मंडळाचं पत्रक समोर ठेवूनच अर्ज भरा.

गुण ० ते ९ अशा बँडमध्ये मिळतात, अर्ध्या बँडच्या टप्प्याने. चार विभागांची सरासरी काढून एकूण बँड ठरतो. सरासरी पाव बँडवर आली तर पुढच्या अर्ध्यावर जाते, पाऊण बँडवर आली तर पुढच्या पूर्णावर. साडेसात, सात, साडेसहा आणि सहा यांची सरासरी ६.७५ येते, म्हणजे एकूण बँड ७. पण एवढ्यावर खूश होऊ नका. ब्रिटनचं नर्सिंग मंडळ ऐकणं, वाचणं, बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात किमान ६.५ मागतं. तिथे वरच्या उदाहरणातला एकूण ७ चालत नाही. त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर चार आकडे लिहा, एक नव्हे.

मग घड्याळ लावून एक पूर्ण चाचणी

अभ्यास सुरू करण्याआधी द्या, नंतर नव्हे. केंब्रिजने छापलेले जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच मिळतात, त्यातला एक घ्या. रविवारी सकाळी घरच्यांना सांगून दार लावा आणि ऐकणं, वाचन, लेखन सलग उरका. साधारण पावणेतीन तास लागतात. ऐकण्यात आणि अकॅडमिक वाचनात ४० पैकी २३ च्या आसपास बरोबर आले तर बँड ६, ३० च्या आसपास आले तर ७, असा ढोबळ हिशेब आहे. जनरल ट्रेनिंगच्या वाचनात त्याच बँडसाठी जास्त उत्तरं बरोबर यावी लागतात. या चाचणीत तुमची लंगडी बाजू कोणती ते कळेल. पुढचे दोन महिने सगळ्या बाजूंना सारखा वेळ देऊ नका.

ऐकणं : कान आणि हात एकाच वेळी

चार भाग, ४० प्रश्न, सुमारे अर्धा तास, आणि सगळं एकदाच ऐकवतात. पहिला भाग रोजच्या व्यवहारातला संवाद, म्हणजे खोली भाड्याने घेणं, क्लासची चौकशी वगैरे. दुसऱ्यात एकच माणूस माहिती सांगतो. तिसऱ्यात विद्यार्थी आणि प्राध्यापक यांची चर्चा, आणि चौथ्यात सलग व्याख्यान, मध्ये उसंत नाही.

इथे तपासतात ते हे : तपशील अचूक टिपता येतो का, बोलणाऱ्याचा रोख कळतो का, आणि पुढचा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून चालू वाक्य पकडता येतं का. पहिल्या भागात आपली मुलं गुण घालवतात ते आकडे आणि स्पेलिंगमध्ये. कारण साधं आहे. आपण सत्तेचाळीस म्हणतो तेव्हा सात आधी आणि चाळीस नंतर. इंग्रजीत 'फॉर्टी सेव्हन', म्हणजे उलटं. ऐकताना मनात मराठी आकडा म्हटला की हात कधी कधी ७४ लिहून मोकळा होतो. यावर माझा उपाय असा : रोज दहा मिनिटं कुणालाही इंग्रजीत फोन नंबर, किमती, तारखा वाचायला लावा आणि ऐकताच थेट अंक लिहा, मनात शब्द न म्हणता. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतला फरक शब्दाच्या शेपटीपेक्षा जोरात असतो. पहिल्यात जोर बहुधा 'टीन'वर, दुसऱ्यात 'थर्'वर.

अक्षरांचंही तसंच. नावाचं स्पेलिंग सांगताना ऐकू येणारा 'ई' हा आपल्या डोक्यात 'आय' अक्षराचा उच्चार होतो, कारण मराठीत आपण 'आय' अक्षराला 'इ' म्हणून वाचायला शिकलो. ए, ई आणि आय या तीन अक्षरांचं श्रुतलेखन आठवडाभर करा, हसू येईल इतकं. ब्रिटिश माणूस 'आर' म्हणतो ते 'आ'सारखं ऐकू येतं, हेही ध्यानात ठेवा.

बोलणारा अनेकदा स्वतःचंच म्हणणं दुरुस्त करतो. "मंगळवारी भेटू, नाही नाही, मंगळवारी मी बाहेरगावी आहे, गुरुवारी ये." मंगळवार ऐकताच लिहून मोकळा होणारा इथे फसतो. वाक्य संपेपर्यंत पेन उचलून ठेवायची सवय लावा. उत्तरात जास्तीत जास्त दोन शब्द लिहायला सांगितले असतील आणि तुम्ही तीन लिहिले, तर उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं तरी चूक. ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही स्पेलिंगं चालतात. 'अकॉमोडेशन'मध्ये दोन सी आणि दोन एम, हा शब्द तर पाठच करा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडू नका.

परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, उत्तर अमेरिकेतले असे सगळे उच्चार येतात. हिंदी सबटायटल लावून इंग्रजी मालिका पाहणं हा सराव नव्हे. बीबीसी लर्निंग इंग्लिशवरचा पाच-सहा मिनिटांचा एखादा कार्यक्रम घ्या, एकदा ऐकून मुद्दे लिहा, मग लिखित मजकुराशी ताडून बघा. काय निसटलं आणि का निसटलं, हे लिहिलेली वही परीक्षेच्या आदल्या दिवशी सोन्यासारखी असते.

वाचन : सगळं समजायला हवं हा हट्ट सोडा

अकॅडमिकमध्ये तीन उतारे, मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द, ४० प्रश्न, ६० मिनिटं. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही. आपली शाळेतली सवय अशी की उतारा पहिल्या ओळीपासून वाचायचा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायची. इथे ती सवय महागात पडते. आधी परिच्छेदांची पहिली वाक्यं चाळून उताऱ्याचा नकाशा मनात बसवा, मग प्रश्न, मग ज्या परिच्छेदात उत्तर असेल तिथेच बारकाईने. अनोळखी शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांतून काढता येतो का, हेसुद्धा इथे तपासायचंच आहे. शब्दकोश घरच्या अभ्यासात उत्तरं तपासून झाल्यावर उघडा.

सगळ्यांना छळणारा प्रश्न म्हणजे 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'. हा मराठीतच समजून घेऊ, म्हणजे भाषेचा अडसर राहणार नाही. समजा उताऱ्यात असं आहे : 'कोकण रेल्वेचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण लांबीने वाहतुकीला खुला झाला. रत्नागिरी जिल्ह्यातला सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा हा या मार्गावरचा सर्वांत लांब बोगदा.' आता तीन विधानं बघा. करबुडेपेक्षा मोठा बोगदा या मार्गावर नाही : हे ट्रू, शब्द बदलले पण म्हणणं तेच. १९९५ मध्ये पूर्ण मार्गावर गाड्या धावत होत्या : हे फॉल्स, उतारा याच्या उलट सांगतो. करबुडे बोगदा खोदायला सर्वांत जास्त वेळ लागला : इथे मन म्हणतं, सर्वांत लांब आहे म्हणजे वेळही जास्तच लागला असणार. पण उताऱ्यात वेळेचा उल्लेखच नाही. उत्तर 'नॉट गिव्हन'. तुमच्याकडचं ज्ञान, तर्क, अंदाज हे सगळं बाजूला ठेवून फक्त छापलेल्या ओळीला धरून राहणं, हीच इथली परीक्षा. एका उताऱ्याला २० मिनिटं झाली की पुढे सरका, जीव तिथे अडकला तरी.

लेखन : इथे सर्वांत जास्त वेळ द्या

माझ्या पाहण्यात चारही विभागांत सर्वांत कमी बँड बहुतेकांना लेखनात येतो. ६० मिनिटांत दोन कामं. पहिलं किमान १५० शब्दांचं : अकॅडमिकला आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया, जनरलला पत्र. दुसरं किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधाला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं, म्हणून २० आणि ४० मिनिटं अशी वाटणी करा.

निकष चार, चौघांना सारखे गुण : विचारलं त्याचं उत्तर दिलं का, मांडणीला ओघ आहे का, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाची विविधता व अचूकता. म्हणजे व्याकरण चौथा हिस्सा आहे. त्या तीन जाड पुस्तकांनी फार तर चौथ्या हिश्शाची सोय केली होती.

आलेखाच्या वर्णनात बहुतेक जण आकडे एकामागून एक वाचत सुटतात. तसं केलं की पहिल्या निकषात तुम्ही पाचाच्या आसपास अडकता. सगळ्या आकड्यांवरून नजर फिरवून एकंदरीत काय दिसतं ते दोन वाक्यांत सांगा : काय वाढलं, काय घटलं, कोण सतत वर राहिलं. एवढं जमलं की पुढचं दार उघडतं. कारणं सांगू नका. आलेखात दिसतं तेवढंच लिहा.

निबंधाकडे वळू. प्रश्न समजा असा : सार्वजनिक वाहतूक सर्वांना मोफत असावी का? विद्यार्थी लिहायला घेतो, 'नाऊ अ डेज, इन धिस मॉडर्न वर्ल्ड'. हे वाक्य कुणीतरी पाठ करायला दिलेलं असतं आणि परीक्षकाला ते पहिल्या ओळीतच ओळखू येतं. पाठ केलेल्या मजकुरातून तुमचं इंग्रजी दिसत नाही, म्हणून त्याचं मोल नाही. त्याऐवजी तुमचं मत ठरवा आणि एकेक मुद्दा शेवटपर्यंत न्या. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं : मोफत प्रवास चांगला आहे, लोकांचे पैसे वाचतात, प्रदूषण कमी होतं, गर्दी कमी होते. चार मुद्दे, चारही ओळीपुरते. मी त्याला म्हटलं, तीन खोड, एक ठेव आणि त्याला घरचं उदाहरण दे. त्याने नव्याने लिहिलं ते असं : भाडं कमी झालं की ज्यांचं बाहेर पडणं पैशावर अडलेलं असतं, ते बाहेर पडू लागतात. महाराष्ट्रात एसटीने मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. माझ्या गावातल्या ज्या बायका तालुक्याला महिन्यातून एकदा जायच्या, त्या आता आठवडी बाजाराला स्वतःचा भाजीपाला घेऊन जातात. म्हणजे सवलतीचा पैसा काही अंशी कमाईच्या रूपाने परत येतो. विधान, कारण, उदाहरण, त्यातून निघणारी गोष्ट : परिच्छेद भरला, आणि तो त्याचाच होता.

'फर्दरमोअर', 'मोरओव्हर' प्रत्येक वाक्याच्या तोंडी चिकटवू नका. विचार ओघाने आले असतील तर शिवण दिसावी लागत नाही, आणि जोडशब्दांचा अतिरेक निकषांतच दोष म्हणून नोंदलेला आहे. तसंच मोठाले शब्द. 'प्लेथोरा' चुकीच्या जागी वापरण्यापेक्षा 'मेनी' बरोबर जागी वापरा.

आता मराठी मनाच्या खास चुका. मराठीत इंग्रजीच्या 'अ' आणि 'द' या आर्टिकलांसारखं काहीच नाही, म्हणून आपण ते एकतर गाळतो नाहीतर सगळीकडे शिंपडतो. आपण 'दोन वर्षांपासून काम करतोय' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स' येतं. हवं असतं 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स'. 'च्याविषयी चर्चा'मुळे 'डिस्कस अबाउट' येतं. तिथे 'अबाउट' नको. आणि 'ही गो', 'शी वर्क' यांतला गळालेला 'एस'. या सगळ्यांवर एकच रामबाण : शेवटची चार मिनिटं राखून ठेवा आणि लिहिलेलं तीनदा चाळा, पहिल्यांदा फक्त क्रियापदं, दुसऱ्यांदा फक्त नामांच्या आधीची जागा, तिसऱ्यांदा फक्त अनेकवचनं. एका वाचनात सगळं शोधायला गेलात तर काहीच सापडत नाही. घरी सराव करताना हे लाल पेनाने करा. तीन आठवड्यांत तुमच्या स्वतःच्या चुकांची यादी पाच-सहा ओळींवर येते.

बोलणं : समोर एक माणूस बसलेला असतो

११ ते १४ मिनिटं, तीन भाग. आधी घर, काम, आवडीनिवडी यांवर साधे प्रश्न. मग एक कार्ड मिळतं, विचाराला एक मिनिट, टिपायला कागद-पेन्सिल, आणि त्यावर एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. शेवटी त्याच विषयाशी जोडलेली जरा खोल चर्चा. निकष पुन्हा चार : ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार. तुमची मतं बरोबर आहेत का हे कुणी तपासत नाही. मराठी वळणाचा उच्चार हाही दोष नाही, बोललेलं सहज समजतं का एवढंच बघतात.

ओघ म्हणजे वेग नव्हे. भराभर बोलून दर चौथ्या शब्दाला ठेचकाळण्यापेक्षा सावकाश पण न थांबता बोललेलं बरं. चूक झाली तर तिथेच सुधारा आणि पुढे चला. मागे जाऊन वाक्य पहिल्यापासून सुरू करू नका.

त्या परिचारिकेला सरावात कार्ड आलं होतं : तुम्हाला काहीतरी शिकवणाऱ्या व्यक्तीबद्दल बोला. तिला आजी आठवली, भाकरी थापायला शिकवणारी. पण भाकरीला इंग्रजीत काय म्हणतात, यावर ती गप्प झाली. मी म्हटलं, शब्द नसू दे, दाखव. ती हाताने थापल्यासारखं करत बोलली, "इट इज अ राउंड फ्लॅट ब्रेड. वी मेक इट फ्रॉम सॉर्गम फ्लाउर, अँड वी शेप इट विथ अवर हँड्स, नॉट विथ अ रोलिंग पिन." मग आजीच्या बांगड्यांचा आवाज, पहिली भाकरी तव्यावर टाकताना तुटली ती, आजी रागावली नाही ते. दोन मिनिटं कधी संपली तिला कळलं नाही. शब्द सापडला नाही तर वळसा घालून अर्थ पोचवणं हे शब्दसंपत्तीच्या निकषात मोजलं जाणारं कौशल्य आहे. अडून बसलात तर तेच गुण जातात.

म्हणून त्या एका मिनिटात वाक्यं लिहू नका. चार शब्द लिहा : कोण, कुठे, एक प्रसंग, आता काय वाटतं. प्रसंग आला की भूतकाळ आपोआप येतो, आता काय वाटतं म्हटलं की वर्तमानकाळ येतो, आणि व्याकरणाची विविधता न ठरवता साधते.

उच्चारात दोनच गोष्टींवर घाम गाळा. एक, आपला 'व' इंग्रजीतल्या दोन अक्षरांचं काम करतो. 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, 'डब्ल्यू'साठी ओठांचा चंबू करा. आरशासमोर 'व्हेट' आणि 'वेट' म्हणून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. दोन, शब्दातला जोर. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अवयवावर (म्हणजे सिलेबलवर), 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. आपण सगळे अवयव सारख्या वजनाने म्हणतो, म्हणून परदेशी कानाला आपलं बोलणं सपाट लागतं. जमेची बाजूही आहे. 'पेन' आणि 'पॅन', 'कोट' आणि 'कॉट' हे फरक आपल्या लिपीत ॲ आणि ऑ मुळे लिहिताच येतात. ते ओठांवर आणा.

रोज मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. पहिले चार दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही. तरी ऐका.

आठवड्याची बांधणी आणि परीक्षेचा दिवस

नोकरी सांभाळून करणाऱ्याला रोज दीड तास पुरे, पण रोज. लेखन आठवड्यातून तीनदा, त्यातलं एक कुणा जाणत्याकडून तपासून घेतलेलं. बोलणं रोज, जोडीदार मिळाला तर उत्तम. ऐकणं आणि वाचन आलटून-पालटून. दर दुसऱ्या रविवारी पूर्ण चाचणी. दोन चाचण्यांत सलग हवे ते चार आकडे आले की मगच तारीख घ्या, कारण शुल्क मोठं आहे.

संगणकावर परीक्षा देणार असाल तर सरावही संगणकावरच हवा. टाइप करायचा वेग नसेल तर निबंध अर्धवट राहतो. संगणकावर ऐकण्याची उत्तरं तिथल्या तिथे भरायची असतात आणि शेवटी तपासायला दोनच मिनिटं मिळतात. लिहिताना शब्दसंख्या पडद्यावर दिसते, ती सोय आहे.

आपल्याकडे ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. अर्जात दिलेलाच आणि मुदत न संपलेला मूळ पासपोर्ट न्या. आदल्या दिवशी नवीन काही वाचू नका. सकाळी निघताना घरच्यांशी किंवा आरशाशी दहा मिनिटं इंग्रजीतच बोला, म्हणजे जीभ सैल होते.

निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात. संगणकावर दिलेल्या परीक्षेत एकच विभाग कमी पडला तर तेवढाच ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो. मात्र तो निकाल सगळ्याच संस्था स्वीकारत नाहीत, आधी विचारून घ्या. मिरजेच्या त्या परिचारिकेला दुसऱ्या खेपेला स्पीकिंगमध्ये सात आले, लेखनात सहा. अर्ध्या बँडसाठी ती सध्या दर बुधवारी आणि शनिवारी रात्रपाळी संपवून निबंध लिहिते आणि फोटो काढून मला पाठवते. कालच्या निबंधात 'द' फक्त दोन ठिकाणी गळला होता.